धोंडू भावजींचं गाऱ्हाणं

त्या शिमग्याला भैरीच्या देवळापुढं कोण कोण होतं ते पहिलं सांगते. कारण नंतर ज्याला त्याला इचारलं तर म्हणायचा, मी मागं होतो, ढोल वाजत होता, मला काय ऐकू आलं नाय. तर गावकीचे अध्यक्ष नाना होते, खुर्चीवर. मुंबई मंडळाचा सेक्रेटरी दिलीप होता, मोबाईल धरून. पालखीशी गुरव होता. ढोलावर शांताराम होता. दोन्ही आळ्यांची सगळी बापये माणसं होती, मुंबईवरनं सणाला आलेली पोरं होती, पाराच्या मागं बाया होत्या. आमी देवळापुढं नव्हतो, आमाला बंदी होती. पण देवळासमोरच आमच्या शेताचा बांध हाय, त्या बांधावर होतो. आमचे हे घोंगडी पांघरून बसलेले, बाजूला मुलगा संतोष, सून सुनिता आणि मी. आणि माईक हातात घेऊन धोंडू भावजी. ढोल तेव्हा वाजत नव्हता. गाऱ्हाण्याला ढोल वाजवत नायत.

धोंडू भावजी म्हंजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. घराला घर लागून, मधे एकच कुड, काठ्यामातीची भिंत. तिकडं कुणी खोकला तर इकडं पाणी द्यायला उठावं असं. माणूस किडकिडीत, पण आवाज असा का पलीकडच्या डोंगरावर गुरं चारणारा मान वर करायचा. बोलायच्या आधी डाव्या कानावर हात ठेवायचे, घसा साफ करायचे, मंग बोटातली तांब्याची अंगठी माईकवर टकटक वाजवायचे. ती टकटक झाली का गावातल्या बायांच्या हातातलं काम थांबायचं. आता कुणाचं नाव निघतंय म्हणून.

गावाचं नाव नाय सांगत. कापड्यावरनं वर चढायचं, एवढं पुरे. असली गावं पुष्कळ हायत.

देवळाच्या कळसाखाली भोंगा बांधलेला. गावकीचं जे काय ठरंल ते भावजी त्या भोंग्यावर सांगायचे. आणि वरसातनं एकदा, शिमग्याला, गाऱ्हाणंही तेच घालायचे. तो मान त्यांच्या घराकडं, आज्यापासून. गाऱ्हाण्यात गावातल्या एकेका घराचं नाव घेऊन देवाला सांगायचं, ह्या घराची राखण कर, ह्याच्या गुरावासरांची राखण कर. प्रत्येक घराला गाव म्हणतं, होय म्हाराजा. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. मी बी घेत नाय. आमच्या ह्यांचं पुरं नाव मी ऐकायचे ते त्या गाऱ्हाण्यात.

गावकी म्हंजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगायला लागंल. कुणी मत कुणाला द्यायचं, कुणाचं लगीन कधी काढायचं, कुणी कुणाच्या दारात उभं राहायचं, ते सगळं बैठकीत ठरायचं. अर्धी बैठक इकडं पारावर आणि अर्धी मुंबईला, फोनवर. मंडळानं देवळापुढच्या खांबावर कॅमेरा लावला. चोरीसाठी, म्हणाले. आमच्याकडं चोरण्यासारखं काय होतं ते त्यांनाच ठावं. मुंबईत बसून मोबाईलवर बघायचे, आणि नवऱ्याला फोन यायचा, तुझी बायको नळावर कुणाशी उभी होती. मंग बाया शिकल्या. पदराचं टोक दातात धरायचं आणि तसंच बोलायचं. कॅमेऱ्यात दिसायचं, पदर चावतेय.

जो ऐकणार नाय तो वाळीत. त्याच्याशी बोलणं बंद, त्याचं दुकान बंद, गिरण बंद, सावड बंद. सावड म्हंजे आज सगळ्यांनी माझ्याकडं लावणीला यायचं, उद्या मी तुमच्याकडं. ती बंद झाली का माणसाचं आवण, म्हंजे भाताची रोपं, वाफ्यातच म्हातारं होतं.

हे सगळं भावजी भोंग्यावर सांगायचे आणि आवडीनं सांगायचे. बाळू टेलरला बाहेर काढला तेव्हा त्याच्या आईचं नाव सुद्धा लांबवून, सूर लावून घेतलं. ती म्हातारी दारात उभी राहून ऐकत होती. बाळू महाडला गेला राहायला. मी भावजींना म्हटलं, तुमाला काय वाटत नाय का हो. तर म्हणाले, "वयनी, आवाज माझा, जीभ गावाची." हे त्यांचं ठरलेलं. दारू प्यायले का म्हणायचे, उधार घेतलेला कोयता परत मागितला का म्हणायचे, कशाचा काय संबंध नसला तरी म्हणायचे.

माणूस चांगला होता असं मी म्हणणार नाय. खोटं बोलायचे. बायकोवर हात टाकायचे, ती कुडपणला माहेरी गेली ती परत आली नाय. आमचा कोयता अजून त्यांच्या पडवीत असंल.

आमची पाळी आली ती सुनितामुळं. म्हंजे तिचा दोष नाय. ग्रामपंचायतीची निवडणूक आली, गावकीनं बिनविरोध ठरवलं, नानांच्या सुनेला. आमची सुनिता बारावी झालेली, ती म्हणाली मी पण उभी राहणार. नाना स्वतः घरी येऊन गेले, पोरी माघार घे म्हणाले. तिनं चहा दिला आणि नाय म्हणाली. आमचे हे म्हणाले, तिचं तोंड तिचं हाय.

त्या संध्याकाळी धोंडू भावजी आले. चुलीपुढं बसले. म्हणाले, "वयनी, भाकरी गरम दे. मला कामाला जायचंय." मी तांदळाची भाकरी दिली, सुकट दिली. पोटभर खाल्लं. हात धुतला, पदराला पुसू नका म्हटलं तर धोतराला पुसला, आणि गेले. थोड्या वेळानं टकटक ऐकू आली. मंग आमच्या ह्यांचं नाव, संतोषचं नाव, सुनिताचं नाव. माझं वेगळं घेतलं नाय, मी घरात धरलेली. बोलणं बंद, विस्तव बंद, सावड बंद.

हे ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "भाकरी चांगली झाली असंल. आवाज बरा लागलाय आज."

सुनिता निवडणूक हरली. ते सांगायला नको. ती तालुक्याला गेली, कायदा हाय म्हणाली. साहेब आला, चौकशी केली. गाव म्हणालं, कुठलं वाळीत, आमी कुणाला कुणाशी बोल म्हणून जबरदस्ती करायची का. साहेबानं चहा घेतला आणि गेला.

तो पावसाळा आमी आमचीच लावणी केली. संतोष, सुनिता आणि मी. ह्यांना दम लागायचा, ते बांधावर बसून कुठं रोप वाकडं झालं ते सांगायचे. भात भरडायला कापड्याच्या गिरणीवर डोक्यावरनं न्यायचं. रस्त्यात माणसं समोरनं आली का झाडाकडं बघायची. पहिल्यांदा वाईट वाटतं. मंग आपण पण झाडाकडं बघायला लागतो.

धोंडू भावजी बोलत नव्हते. दिसले तर मान खाली. पण त्यांच्याकडं एक कोंबडी होती, तांबडी. तिच्याशी बोलायला लागले. कुडाच्या पलीकडं उभं राहून मोठ्यानं, आमाला ऐकू येईल असं. "काय गो कोंबडे, रेशनचं दुकान उद्या सकाळचं उघडणार हाय, नाना पोलादपूरला जाणार तेव्हा." मंग सकाळी संतोष रेशन आणायचा. कोंबडीशी बोलायला गावकीनं बंदी घातली नव्हती.

आमचे हे मंग बैलाशी बोलायचे. "अरे ढवळ्या, तो पलीकडचा दारू प्यायलाय का?" तिकडनं कोंबडीला उत्तर, "कोंबडे, थोडीच प्यायलोय गो." असं दोघं म्हातारे कुडाच्या दोन्ही अंगांना बसून बोलायचे. सुनिता हसायची. मी पण हसले असेन.

पहिल्या शिमग्याला आमी बांधावर जाऊन बसलो. हे हात जोडून. आमचं घर धोंडू भावजींच्या घरानंतर येतं. त्यांनी स्वतःचं घर घेतलं, होय म्हाराजा झालं, आणि लगेच पलीकडचं घर घेतलं. मधे काय नव्हतंच जसं. हे तसेच हात जोडून बसलेले. मी म्हटलं, चला. उठले नायत. त्या दिवसापासनं त्यांचं जेवण कमी झालं. दम वाढला. महाडचा डॉक्टर म्हणाला, छाती हाय. ह्यांचं म्हणणं वेगळं. बैलाला सांगत होते, मी ऐकलं. "ढवळ्या, माणूस मरतंय ते मरतंय. पण देवापुढं नाव नाय घेतलं तर ते जन्माला आलं का नाय, हे कोण सांगणार? एकदा पुढल्या शिमग्याला कानानं ऐकायचंय, मंग काय पण होऊ दे."

त्या रात्री कुडापलीकडनं भावजींच्या ताटाचा आवाज आला नाय.

तर मंग तो शिमगा, ज्याची माणसं मी वर सांगितली. ह्यांना चालवत नव्हतं, संतोषनं पाठुंगळीला घेऊन बांधावर आणलं. धोंडू भावजी प्यायलेले होते, हे पण सांगते. लांबनं कळत होतं. कानावर हात ठेवला, टकटक केलं. गाऱ्हाणं सुरू झालं. बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं सणाला तुझ्या दारात उभी हायत, चुकलं माकलं पोटात घाल. होय म्हाराजा. वरच्या आळीचं पहिलं घर. होय म्हाराजा. दुसरं. होय म्हाराजा. एका लयीत चाललेलं. त्या लयीत माणूस नाव ऐकत नाय, आवाज पडायची वाट बघतं.

स्वतःचं घर घेतलं. होय म्हाराजा. आणि न थांबता आमच्या ह्यांचं पुरं नाव घेतलं, बापासकट, आज्यासकट, त्याच सुरात.

गाव म्हणालं, होय म्हाराजा.

सगळं गाव. नाना पण, खुर्चीवरनं, मी बघितलं त्यांचं तोंड हलताना. पुढच्या दमात बाळू टेलरचं घर घेतलं. होय म्हाराजा. मंग खालच्या आळीचं ते घर, ज्यांचा मुलगा कोर्टात गेला म्हणून बाहेर टाकलेलं. होय म्हाराजा. स्वतःच्या तोंडानं जेवढी घरं बाहेर काढली होती तेवढी सगळी आत घेत चालले. शेवटाकडं होय म्हाराजा फुटकं फुटकं यायला लागलं. मंग नाना उठले. दिलीपनं वायर ओढली. भोंगा कुं करून बंद झाला.

आणि तेव्हा बांधावर आमचे हे एकटेच, हळू, म्हणाले, होय म्हाराजा. सगळ्यांच्या मागनं. दम पुरत नव्हता ना त्यांचा.

बैठक त्याच संध्याकाळी बसली. मुंबई फोनवर. नाना म्हणाले दारूची बडबड हाय, धरायची नाय. पण गुरव म्हणाला, देवापुढं निघालेला शब्द हाय, आणि तुमी सगळ्यांनी त्याला होय म्हटलंय. ते परत गिळता येत नाय. होय म्हटल्याचा दंड लावायचा तर सगळ्या गावाला लावायला लागंल. मंग त्यांनी असं ठरवलं. नावं घेतलेली घरं आत. धोंडू बाहेर. आणि आत यायचं त्यानं धोंडूशी बोलायचं नाय, हे मान्य करायचं.

बाळू टेलरला फोनवर इचारलं. मान्य म्हणाला. आठवड्यात येऊन दुकानाचं शटर उघडलं. त्याला नाव ठेवत नाय मी, त्याची आई गावात होती. खालच्या आळीचं घर मान्य म्हणालं. मंग आमाला पाराशी बोलावलं. नानांनी इचारलं, मान्य हाय का. आमचे हे संतोषच्या खांद्याला धरून उभे. म्हणाले, "मला ऐकायचं ते मी ऐकलं. आता धोंड्याशी बोलायचं नाय म्हटलं, तर मी बैलाशी तरी काय बोलू?"

नानांना कळलं नाय. धोंडू भावजी मागं उभे होते, ते मोठ्यानं हसले. तेवढंच त्यांना हसताना मी शेवटचं बघितलं.

घरी येऊन मातूर भावजी चिडले. आता दोन्ही घरं बाहेर, सरळ बोलायला कुणाची बंदी नव्हती. तरी कोंबडीलाच म्हणाले, "कोंबडे, त्या बैलाला सांग, त्याच्या मालकाला अक्कल नाय. मी आख्ख्या गावापुढं घसा फोडला तो कशाला?" मी म्हटलं, भावजी, आता सरळ बोला की. म्हणाले, "सवय झाली, वयनी."

हे चैतात गेले. महाडच्या दवाखान्यात. गावात आणून काय करणार, तिकडंच सगळं केलं. धोंडू भावजी एसटीनं आले. बाजूला उभे राहिले. राख थंड होईपर्यंत हलले नायत. परत येताना गाडीत माझ्या पुढल्या शिटावर बसले आणि पोलादपूर येईपर्यंत खिडकीच्या गजावर अंगठी वाजवत होते.

तो पावसाळा त्यांना जड गेला. आमाला सवय होती, आमी घरात चार तोंडं होतो, मंग तीन. ते एकटे. दुकानात गेले का दुकानदार पंख्याकडं बघायचा. आवाजाचा माणूस, आणि तो आवाज घ्यायला कोण नाय. पारावर जाऊन उभे राहायचे. पोरं उठून जायची. आषाढात एक दिवस कोंबडी दिसली नाय. मी इचारलं, कुठं गेली हो. म्हणाले, "खाल्ली. फार बोलायला लागलेली."

गावकीनं भावजींना निरोप धाडला. बाकीची घरं मान्य करून बसली होती, त्यांचं काय नव्हतं. आमचं घर तेवढं राहिलेलं, देवापुढं आत आणि गावकीत बाहेर. भोंग्यावर तुझ्या तोंडानं सांग, ते एक नाव दारूनं घेतलं, देवानं नाय. मंग आत ये.

ते माझ्याकडं आले. चुलीपुढं बसले, तिथंच. म्हणाले, "मी भोंगा हाय, वयनी. भोंगा घरात ठेवून काय करतात? कोंबड्या पण अंडी घालत नायत त्यात." मी चुलीत लाकूड सारलं. म्हणाले, भाकरी हाय का. मी केली. सुकट नव्हती, मीठ मिरची दिली. खाल्लं. हात धुतला आणि गेले.

टकटक ऐकू आली. त्यांनी सांगितलं, जसं सांगायला लावलं होतं तसं. आवाज लागला नव्हता. हे असते तर काय तरी बोलले असते भाकरीवरनं. मी ताट उचललं. सुनिता मला अजून इचारते, आई, तुमाला राग आला नाय का. मला आठवत नाय.

दुसऱ्याच बाजाराला धोंडू भावजींनी नवी कोंबडी आणली. ते आता आत होते ना. माझ्याशी बोलायला बंदी झाली त्यांना. कुडापलीकडनं आवाज आला, "काय गो, हिचं नाव काय ठेवायचं?" बैल आमी विकला होता तोपर्यंत. मी कुणाला उत्तर देणार. मी टोपाशी बोलले. टोपाला सांगितलं, नाव कशाला हवंय, तांबडीच म्हण.

मंग पुढला शिमगा. नाना होते, दिलीप होता, गुरव होता. माझ्याबरोबर कुणी नव्हतं, संतोष आणि सुनिता महाडला खोली घेऊन राहायला लागलेली. मी बांधावर जाऊन बसले. का गेले सांगता येत नाय, पाय गेले. गाऱ्हाणं धोंडू भावजींनीच घातलं. शुद्धीत होते. कानावर हात, टकटक. घरं घेत आले. स्वतःचं घर घेतलं. होय म्हाराजा.

आणि थांबले.

खोकले नायत, काय नाय. माईक चालू, श्वास ऐकू येत होता भोंग्यातनं. ह्यांचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव जेवढ्यात बसंल, तेवढं थांबले. आणि गाव म्हणालं, होय म्हाराजा. त्यांना काय, आवाज पडला का तोंड उघडतं. म्हणून झाल्यावर एकेकाला कळलं. बायांनी पदर तोंडात धरले. पुढचं घर आलं, तेव्हा निम्मेच म्हणाले.

मी पण म्हटलं, बांधावरनं. हळूच. मला दम हाय, तरी हळूच म्हटलं.

बैठक झाली म्हणतात. मुंबईवाल्यांनी कॅमेऱ्यात परत परत बघितलं. त्यात काय दिसणार, एक माणूस माईकपुढं उभा हाय. गप्प राहिल्याचा दंड कसा लावायचा, ते त्यांना ठरवता आलं नाय. त्या दिवशी संध्याकाळी कुडापलीकडनं म्हणाले, "तांबडे, जीभ गावाचीच हाय गो. पण दम माझा." नवीन काढलं होतं. परत कधी म्हणाले नायत.

पुढल्या थंडीत तापानं गेले. भोंग्यावर दिलीपच्या पुतण्यानं सांगितलं, धोंडू वारले, अमुक वाजता यायचं. ते आत होते, म्हणून सगळं गाव गेलं. मी बांधावरनं बघितलं. त्यांची बायको कुडपणवरनं आली होती, रडली नाय, घराला कुलूप घालून गेली. कोंबडी माझ्याकडं सोडून गेली. ती हाय अजून. अंडी देते. तिला काय सांगावं ते मला सुचत नाय.

ह्या शिमग्याला गाऱ्हाणं त्या पुतण्यानं घातलं. मोबाईलमधे बघून भराभरा. मोबाईलमधे रिकामी जागा नसते. धोंडू भावजींच्या घराला कुलूप म्हणून तेही घेतलं नाय, आमचं तर नायच. दोन्ही घरं एका दमात गेली. मी बांधावर होते.

आता तुमी हे वाचताय तर एक करा. तुमच्या गावात गाऱ्हाणं होत असंल, नायतर आरतीनंतर घरांची नावं घेत असतील, तर घालणाऱ्याला सांगा, शेवटच्या घरानंतर जरा थांब. जास्त नको. एका घराचं नाव बसंल एवढं थांब. आणि मंग तुमी होय म्हाराजा म्हणा.